वनस्पतींच्या मत्स्यालयासाठी प्रकाश कमीजास्त करता येणारा एलईडी ड्रायव्हर कोणता घ्यावा?

पाणवेल (ठाणे)
सर्वांना नमस्कार. माझ्याकडे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी वनस्पतींची टाकी आहे. काठोकाठ भरली तर साधारण 190 लिटर पाणी मावते. आत रोटाला, क्रिप्टोकोरिन आणि जावा फर्न आहेत, शिवाय कर्बवायूचे सिलिंडर जोडलेले आहे. सध्याचा दिवा फक्त चालू किंवा बंद होतो आणि सकाळी टायमरने तो एकदम पेटला की सगळे टेट्रा मासे दगडामागे धाव घेतात. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर 3 वॅटचे 36 एलईडी बसवून दिवा स्वतः तयार करायचे ठरवले आहे: 24 पांढरे (6500 केल्व्हिन), 6 लाल आणि 6 गडद निळे. सकाळी तासाभरात प्रकाश हळूहळू वाढावा आणि संध्याकाळी तसाच उतरावा, एवढी अपेक्षा आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तेव्हा तीन दुकानांत तीन वेगळ्या वस्तू 'डिमेबल ड्रायव्हर' (एलईडीला वीज पुरवणारा, प्रकाश कमीजास्त करता येणारा डबा) म्हणून दाखवण्यात आल्या. पहिला भिंतीवरच्या डिमरला जोडायचा होता, दुसऱ्याला डिमिंगसाठी दोन बारीक तारा वेगळ्या काढलेल्या होत्या आणि तिसरा म्हणजे 12 व्होल्टचा साधा अ‍ॅडॅप्टर होता. या तिन्हींत नेमका फरक काय आणि माझ्या कामाला कोणता योग्य, हे कृपया कारणांसह सांगावे.

ओहम_पुणे
ताई, आधी तिसरा प्रकार बाजूला काढू. 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर व्होल्टेज स्थिर ठेवतो, एलईडीला मात्र स्थिर करंट लागतो. पांढऱ्या किंवा निळ्या पॉवर एलईडीवर साधारण 3 व्होल्ट पडतात, पण हा आकडा ठाम नसतो. एलईडी तापला की तो प्रत्येक अंशामागे काही मिलीव्होल्टने उतरतो. व्होल्टेज बांधून ठेवले तर तापलेला एलईडी अधिक करंट ओढतो, त्याने आणखी तापतो आणि आणखी ओढतो. 12 व्होल्टच्या पट्ट्या अ‍ॅडॅप्टरवर चालतात, कारण त्यांत दर तीन एलईडींमागे एक रोध आधीच बसवलेला असतो. तुमच्या सुट्या 3 वॅटच्या एलईडींना असा रोध नाही, म्हणून तुम्हाला स्थिर करंट देणाराच ड्रायव्हर हवा.

ड्रायव्हर निवडण्याआधी कागदावर माळा मांडाव्यात, असे माझे सांगणे आहे. एका माळेतले एलईडी एकापाठोपाठ जोडलेले असतात, त्यामुळे त्यांचे व्होल्ट एकमेकांत मिळवायचे आणि करंट मात्र सगळ्यांतून एकच. 12 पांढऱ्यांची माळ सुमारे 36 व्होल्टची होते, अशा दोन माळा. लाल एलईडीवर 2.2 व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणजे सहांचे 13. सहा निळ्यांचे 18. हे चार आकडे हातात आले की दुकानदाराने पुढे केलेला डबा आपल्या कामाचा आहे की नाही, हे त्याच्या लेबलावरूनच कळते.

सांगलीकर
भिंतीवरच्या डिमरऐवजी पंख्याचा रेग्युलेटर चालेल का? घरात एक जास्तीचा पडून आहे.

तारजोड
सांगलीकर, तो अजिबात वापरू नका. टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर कपॅसिटरच्या साहाय्याने पंख्याच्या मोटरचे व्होल्टेज उतरवतो. एलईडी ड्रायव्हर मात्र आत येणारे व्होल्टेज कमी झाले तरी आपले आउटपुट कायम राखण्याची धडपड करतो, त्यामुळे बराच वेळ प्रकाशात फरकच पडत नाही आणि मग एका टप्प्यावर दिवा लुकलुकू लागतो. भिंतीवरचा डिमर ट्रायक या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालतो आणि वीजलहरीचा काही भाग कापून टाकतो. ज्या ड्रायव्हरवर तसे स्पष्ट लिहिलेले असेल त्याच्याच बाबतीत तो चालतो. तरीही तळाच्या पातळीला थरथर उरते आणि मायक्रोकंट्रोलरने (आज्ञावली चालवणाऱ्या छोट्या चिपने) त्याचे नियंत्रण करणे किचकट होते. पाणवेल यांना आपोआप होणारी सकाळ हवी असल्याने पहिल्या दुकानातली वस्तूही इथेच बाद होते.

खारे_पाणी (मस्कत)
उरली ती दोन बारीक तारांची वस्तू. माझ्या प्रवाळांच्या टाकीवर मीनवेल कंपनीच्या एचएलजी मालिकेतले 'बी' प्रकारचे ड्रायव्हर आहेत. त्या दोन तारांवर 1 ते 10 व्होल्ट द्या, 10 व्होल्टचा पीडब्ल्यूएम संकेत (वेगाने चालू-बंद होणारा संकेत) द्या किंवा नुसता 100 किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रोध) लावा, तिन्ही मार्ग चालतात. डबा सीलबंद असतो, आत रेझिन भरलेले असते आणि खाऱ्या हवेत त्याचा मोठा आधार वाटतो. अशा डब्याइतका निर्धास्तपणा मला दुसऱ्या कशातच मिळालेला नाही. पाणवेल यांनी डोळे मिटून हाच घ्यावा.

ओहम_पुणे
खारे_पाणी यांच्याशी दर्जाबाबत मी पूर्ण सहमत आहे, पण 'डोळे मिटून' याबाबत नाही. पहिली अडचण तळाची आहे. या ड्रायव्हरांची डिमिंगची खात्री साधारण 10 टक्क्यांपर्यंतच असते, त्याखाली नाही. अंधाऱ्या खोलीत 10 टक्के प्रकाश डोळ्यांना चांगलाच उजेड वाटतो, त्यामुळे शून्यावरून 10 टक्क्यांवर घेतलेली उडी माशांना दचकवणारच. आणि दिवा पूर्ण विझवायचा तर 230 व्होल्टच्या बाजूला वेगळा रिले (संकेताने चालणारा स्विच) लावावा लागतो. ज्या तक्रारीसाठी हा धागा निघाला, तीच तक्रार सौम्य रूपात मागे उरते.

दुसरी अडचण माळांची आहे. एचएलजी-60एच-48बी हा 48 व्होल्ट, 1.3 अँपिअरचा डबा घेतला तर त्याचा करंट दोन पांढऱ्या माळांत समांतर वाटावा लागेल. दोन्ही माळा तंतोतंत सारख्या कधीच नसतात. त्यातून एका माळेतला एखादा सांधा सुटला तर सगळा करंट दुसरीत शिरतो.

याच मालिकेच्या 'सी' प्रकाराबद्दल एक सावधानता आवर्जून सांगतो. एचएलजी-60एच-सी700 स्थिर करंटचा आहे खरा, पण त्याचे आउटपुट 50 ते 100 व्होल्ट असते. डीसी 60 व्होल्टच्या वर गेली की ती स्पर्शाला सुरक्षित मानत नाहीत आणि आपण तर ओल्या हातांनी टाकीत झाडे छाटत असतो.

माझी पसंती वेगळी आहे. 48 व्होल्टचा एक चांगला सप्लाय घ्यावा आणि त्यापुढे प्रत्येक माळेला मीनवेलचा एलडीडी-एच मालिकेतला एकेक छोटा ड्रायव्हर लावावा. काडेपेटीहून लहान असलेला हा ठोकळा 9 ते 56 व्होल्ट आत घेतो आणि माळेला हवे तेवढे व्होल्टेज उतरवून ठरलेला करंट देतो. सप्लाय माळेपेक्षा किमान तीन-चार व्होल्टने वरचढ असला म्हणजे झाले. 300, 350, 500, 700, 1000 मिलीअँपिअर असे त्याचे प्रकार मिळतात. डिमिंगच्या पिनेवर 100 ते 1000 हर्ट्झचा पीडब्ल्यूएम थेट देता येतो आणि संकेत शून्यावर गेला की दिवा पूर्ण विझतो.

खारे_पाणी (मस्कत)
10 टक्क्यांच्या मर्यादेचा मुद्दा मान्य. माझ्याकडे चांदण्याची वेगळी निळी माळ असल्यामुळे मुख्य दिवे पेटण्याआधीच टाकीत थोडा उजेड असतो, म्हणून मला ती उडी कधी जाणवली नाही. पाणवेल यांनी एलडीडी घेतले तरी हीच युक्ती करावी. मोठ्या माळेला एका टक्क्यावर रांगायला लावण्यापेक्षा लहान करंटची माळ आधी पेटवणे केव्हाही चांगले. समांतर माळांबाबत मात्र एवढे म्हणेन, की प्रत्येक माळेला स्वतंत्र फ्यूज लावला तर तो धोका आटोक्यात येतो.

ओहम_पुणे
फ्यूजने एलईडी वाचतील हे खरे. माळांतली असमान वाटणी मात्र तशीच राहील. चांदण्याच्या माळेची सूचना उत्तम आहे.

गृहिणी_आणि_गप्पी
मला यातले विजेचे गणित फारसे कळत नाही, तरी शंका विचारते. बाजारात नियंत्रकासह तयार दिवे मिळतात, त्यांत सकाळ-संध्याकाळची सोयही असते. पाण्याच्या वर स्वतः जोडलेली वीज टांगणे हे लहान मुले असलेल्या घरात योग्य आहे का?

तारजोड
तुमची शंका अगदी रास्त आहे. मी घरांतल्या वायरिंगचीच कामे करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

घातक वस्तू म्हणजे अलगीकरण नसलेला स्वस्त ड्रायव्हर. बल्बमधून काढलेले किंवा सुटे विकले जाणारे अनेक ड्रायव्हर असे असतात, की त्यांच्या आउटपुटचा 230 व्होल्टच्या लाईनशी थेट संबंध राहतो. मीटरवर 36 व्होल्ट दिसतात, पण त्या तारेला हात लावून जमिनीवर उभे राहिले तर बसणारा झटका मेनचाच असतो. बल्बच्या बंद प्लास्टिकमध्ये ते चालून जाते. टाकीवर ते मुळीच नको. डब्यावर 'एसईएलव्ही' (मेनपासून अलग केलेले सुरक्षित कमी व्होल्टेज) ही खूण आहे का ते पाहावे आणि भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांकही तपासावा. एलईडी ड्रायव्हरसाठी आयएस 15885 हे मानक आहे आणि त्याखालची नोंदणी सक्तीची आहे.

ओहम यांनी सुचवलेल्या मांडणीत 230 व्होल्ट फक्त सप्लायपर्यंत येतात. तो सप्लाय टाकीच्या झाकणात न बसवता शेजारच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर, हवेशीर डब्यात बसवावा, म्हणजे टाकीवर फक्त 48 व्होल्ट डीसी जाते. हीटसिंकला अर्थिंग द्यावे. तारेला सॉकेटच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि सॉकेटमध्ये शिरत नाही. टाकीची सगळी उपकरणे 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) असावीत. त्यात हीटर सर्वांत महत्त्वाचा, कारण काच तडकलेला हीटर दिव्यापेक्षा कितीतरी धोकादायक असतो. एवढे करण्याची तयारी नसेल, तर गृहिणी यांचे म्हणणे बरोबर आहे आणि तयार दिवाच घ्यावा.

पाणवेल (ठाणे)
आरसीसीबी घरात आधीच बसवलेला आहे आणि सप्लायसाठी भिंतीवर जागाही आहे. नियंत्रणासाठी माझ्याजवळ ईएसपी32 हा मायक्रोकंट्रोलर आहे. त्याच्या पिनांवर 3.3 व्होल्टच मिळतात, एवढा संकेत एलडीडीला पुरेल का?

ओहम_पुणे
पुरेल. एलडीडी 2.5 व्होल्टच्या वरचा संकेत 'चालू' धरतो आणि 0.8 च्या खालचा 'बंद'. आर्डुइनो उनो या दुसऱ्या नियंत्रक बोर्डाचे 5 व्होल्टही चालतात आणि त्याच्या बहुतेक पिनांची मूळची 490 हर्ट्झ ही वारंवारता आयतीच मर्यादेत बसते.

येथे एक बारकावा आहे आणि तो माशांच्या दृष्टीने मोठा आहे. एलडीडीची डिमिंग पिन मोकळी राहिली तर ड्रायव्हर पूर्ण प्रकाश देतो. ईएसपी32 चालू होताना क्षणभर त्याच्या पिना अधांतरी असतात, म्हणजे रात्री दोन वाजता वीज जाऊन परत आली की टाकी लखकन उजळते. उपाय साधा आहे. प्रत्येक डिमिंग पिन आणि ऋण टोक यांच्यामध्ये 10 किलोओहमचा रोध डाग देऊन बसवावा. नियंत्रकाची तार निसटली तरी मग दिवा बंदच राहतो. नियंत्रकाचे आणि 48 व्होल्ट सप्लायचे ऋण टोक एकत्र जोडलेले असले पाहिजे, त्याशिवाय संकेताला अर्थ राहत नाही. मात्र एलडीडीच्या आउटपुटचे ऋण टोक या सामाईक ऋण टोकाला कधीही जोडू नये. त्या टोकाची तार सरळ माळेकडेच जाते.

हिरवा_तळ
इतका वेळ सगळे ड्रायव्हरबद्दल बोलत आहेत, मी झाडांच्या बाजूने लिहितो. एलईडीची 700 मिलीअँपिअर पेलण्याची क्षमता असली तरी तेवढा करंट देण्याची गरज आहे का? 36 एलईडी त्या करंटवर 60 वॅटच्या पुढे जातात. दीड फूट उंचीच्या टाकीत जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन कमी प्रकाशात सुखी असतात. त्यांना तळाशी 20 ते 40 मायक्रोमोल (दर चौरस मीटरला दर सेकंदाला पोहोचणाऱ्या प्रकाशकणांचे माप) पुरतात. अधिक मागणी फक्त रोटालाची आहे. त्यातही रोटाला मॅक्रान्ड्रा ही मूळची दक्षिण भारतातली वनस्पती लाल रंग धरण्यासाठी भरपूर प्रकाश मागते, पण त्याबरोबर कर्बवायू आणि खतही तितक्याच प्रमाणात मागते. प्रकाश वाढवला आणि बाकीचे मागे राहिले, तर पानांच्या कडेवर आधी हिरव्या ठिपक्यांचे आणि मग केसाळ शेवाळ येते. ते खरवडताना क्रिप्टोकोरिनची जुनी पाने फाटतात, ही माझ्या पाहण्यातली नेहमीची गोष्ट आहे.

त्यामुळे माझा प्रश्न ओहम यांना आहे. 700 चा ड्रायव्हर घेऊन तो कायम 60 टक्क्यांवर चालवावा, की 500 चाच घ्यावा?

ओहम_पुणे
500 चाच घ्यावा. हा प्रश्न मी स्वतः उपस्थित करायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे. पीडब्ल्यूएममध्ये 60 टक्के म्हणजे एलईडी साठ टक्के वेळ पूर्ण 700 मिलीअँपिअरवर पेटतो आणि उरलेला वेळ विझलेला असतो. जास्त करंटवर एलईडीची कार्यक्षमता घसरते, म्हणून तेवढाच प्रकाश कमी करंटवर सलग मिळवला तर वॅट कमी लागतात आणि हीटसिंकही थंड राहतो. नंतर प्रकाश अपुरा वाटलाच, तर सप्लाय आणि तारा तशाच ठेवून फक्त एलडीडीचा ठोकळा बदलता येतो. एकाच मोठ्या डब्यात ही सवलत नाही.

लाल आणि निळ्या माळांना 350 पुरेसा आहे.

छायाचित्रकार_मासा
पीडब्ल्यूएमवर टाकीचे फोटो काढताना काळ्या आडव्या पट्ट्या येतात, हा त्रास कोणी लक्षात घेतला आहे का? त्यासाठी वारंवारता सरळ 1000 हर्ट्झवर ठेवावी, असे मी सुचवेन.

ओहम_पुणे
त्याचा तळाला तोटा होतो. 1000 हर्ट्झवर एक टक्का म्हणजे फक्त 10 मायक्रोसेकंदांचा स्पंद, आणि त्यातला बराचसा वेळ ड्रायव्हरचा करंट शून्यावरून वर चढण्यातच जातो. त्यामुळे एक-दोन टक्क्यांवर एखादी माळ पेटतच नाही, तर तिच्या शेजारची पेटते. 200 ते 500 हर्ट्झवर हाच स्पंद 50 ते 20 मायक्रोसेकंदांचा मिळतो आणि पहाट गुळगुळीत होते. फोटो काढायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरता दिवा 100 टक्क्यांवर न्यावा. त्या पातळीला विझण्याचा काळच नसतो, त्यामुळे पट्ट्याही येत नाहीत.

आज्ञावलीत प्रकाशाच्या पायऱ्या 8 बिटच्या (255) न ठेवता 12 बिटच्या (4095) ठेवाव्यात. 255 पायऱ्यांत पहिलीवरून दुसरीवर जाताना प्रकाश एकदम दुप्पट होतो आणि अंधारात तो टप्पा डोळ्यांना खटकतो. शिवाय वाढ सरळ रेषेत न ठेवता वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवावी: अर्धा वेळ सरला की प्रकाश पाव भागावर यावा.

वऱ्हाडी_झिंगा
आमच्या अकोल्याला मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. सप्लायच्या आतला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दर 10 अंशांच्या वाढीला साधारण निम्मे आयुष्य गमावतो, म्हणून उन्हाळ्याचा विचार करून सप्लाय भाराच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बंद लाकडी कपाटात तर तो ठेवूच नये.

खारे_पाणी (मस्कत)
ठाण्याच्या दमट हवेबद्दलही लिहितो. जाळीच्या उघड्या सप्लायमध्ये पावसाळ्यात धूळ आणि दमटपणा दोन्ही शिरतात. भिंत टाकीपासून चार हात लांब असेल तर मीनवेलचा एलआरएस-100-48 हा जाळीचा सप्लाय पुरेल. झाकणाला लागूनच सप्लाय ठेवणार असाल, तर एचएलजी-80एच-48 हा सीलबंद डबाच घ्या. तो इथे फक्त 48 व्होल्टचा सप्लाय म्हणून वापरायचा असल्याने डिमिंगच्या तारांची गरज नाही.

पाणवेल (ठाणे)
सर्वांचे मनापासून आभार. वाचून झाल्यावर ठरवलेली मांडणी अशी: सप्लाय एलआरएस-100-48 भिंतीवर हवेशीर डब्यात; पांढऱ्या दोन माळांना प्रत्येकी एक एलडीडी-500एच; लाल आणि निळ्या माळेला प्रत्येकी एक एलडीडी-350एच; ईएसपी32 वर 500 हर्ट्झ आणि 12 बिट; प्रत्येक डिमिंग पिनेला 10 किलोओहमचा रोध. निळी माळ आधी पेटेल, तिच्यामागून पांढऱ्या आणि शेवटी लाल. दोन प्रश्न उरले आहेत. फ्यूज कुठे आणि किती अँपिअरचा लावावा? आणि माळा जोडताना कोणता क्रम पाळावा?

ओहम_पुणे
मांडणी योग्य आहे. दोन पांढऱ्या माळांचे 36 वॅट, लाल-निळ्यांचे मिळून सुमारे 11. ड्रायव्हरांतली घट धरली तर 48 व्होल्टवर साधारण 1.1 अँपिअर लागतील. एलआरएस-100-48 ची क्षमता 2.3 अँपिअर आहे, म्हणजे वऱ्हाडी_झिंगा यांची दुपटीची अटही पाळली जाते. सप्लायच्या धन तारेवर, सप्लायच्या अगदी जवळ, 2 अँपिअरचा फ्यूज लावावा. ईएसपी32 ला 48 व्होल्ट चुकूनही देऊ नये. त्याच्यासाठी मोबाइलचा 5 व्होल्टचा वेगळा चार्जर वापरावा.

जोडणीचा क्रम असा: आधी माळा एलडीडीला जोडाव्यात, मग ध्रुवता पुन्हा तपासावी, कारण आत येणारे धन-ऋण उलटे झाले तर एलडीडी जळतो, आणि त्यानंतरच वीज सुरू करावी. चालू ड्रायव्हरला माळ कधीही जोडू नये. मोकळ्या आउटपुटवर व्होल्टेज चढून बसलेले असते आणि माळ टेकवताच तो साठा एका झटक्यात एलईडींतून जातो. पहिल्या वेळी मीटर माळेच्या मालिकेत ठेवून पांढऱ्या माळेत 500 च्या आसपास मिलीअँपिअर दिसतात का, एवढे पाहावे.

हिरवा_तळ
पहिले दोन आठवडे पांढऱ्या माळा 50 टक्क्यांच्या वर नेऊ नका आणि दिवसाचा एकूण प्रकाश सहा तासांचाच ठेवा. नवी पाने फुटू लागली आणि काचेवर शेवाळ धरत नसेल, तर दर आठवड्याला 10 टक्के वाढवा. कर्बवायूचा टायमर मात्र दिवा लागण्याच्या तासभर आधीचा लावा. पहाट तासाभराची केल्यावर तो जुन्या वेळेवर राहून चालणार नाही.